तळ्यातल्या मनोऱ्याची वाट

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी तो उचलला नाही. अनोळखी नंबर मी उचलत नाही आणि ओळखीचा उचलायलाही मला दोन-तीन रिंगा लागतात. मग त्यांचा मेसेज आला. बारामतीत बसून लोकांना जग दाखवण्याची तुमची नोकरी आहे, तिच्याबद्दल लिहा, मराठीत लिहा आणि मोकळेपणाने लिहा. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठीत लिहिताना अजूनही अंधाऱ्या जिन्यात टाकावं तसं चाचपत पाऊल टाकते. मोकळेपणाचं तर विचारूच नका. तरी लिहिते, कारण या नोकरीतली एक गोष्ट गेले वर्षभर मला स्वस्थ बसू देत नाहीये.

आमच्या ऑफिसखाली खतं-औषधांचं दुकान आहे. जिन्यात कीटकनाशकाचा वास येतो, दार उघडलं की समोर आल्प्स. मालकीण सुनंदा मॅडम. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या स्वतः म्हणतात, वीस वर्षं नकाशे दाखवले, आता म्हटलं जागाच दाखवू. बारामती-इंदापूर भागातल्या वीस-पंचवीस माणसांचा गट करून त्या परदेशी नेतात. बहुतेक ऊसवाले, साठीच्या आसपासचे, मुलांनी आग्रह करून पाठवलेले. मी सात वर्षं इथे व्हिसाच्या फायली करते, हॉटेलांशी पत्रव्यवहार करते आणि माहितीपत्रकं लिहिते. मी स्वतः अजून भारताबाहेर गेलेले नाही. माझ्या पासपोर्टची पानं इतकी कोरी आहेत की कधी कधी मी तो टेबलावर नुसता उघडून बघते आणि कोणी आलं की बंद करते.

आमची प्रसिद्ध टूर म्हणजे ‘जगातली सुंदर गावं’. ही मॅडमची कल्पना. मोठी शहरं बघून आपली माणसं दमतात, एक मनोरा दुसऱ्यासारखाच, पण गावात सोडलं की जागी होतात, असं त्यांचं निरीक्षण. ते खरं आहे. हॉलंडमध्ये एक गाव आहे, तिथे रस्तेच नाहीत, सगळा व्यवहार कालव्यातून होड्यांनी चालतो. ऑस्ट्रियात तळ्याकाठी एक गाव आहे, त्याचं चित्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेलं असेल. फ्रान्समध्ये रंगीत घरांचं एक, जपानमध्ये गवताच्या उंच छपरांचं एक. या सगळ्यांवर मी मराठीत चार-चार ओळी लिहिल्या आहेत, न बघता. माझं वर्णन वाचून लोक जातात, परत येतात आणि मला सांगतात की तिथे खरं काय आहे.

हॉलंडच्या त्या गावातून निमगावचे एक शेतकरी परतले ते एकच प्रश्न घेऊन. सांडपाणी कुठं जातं? होडीवाल्याला विचारलं, त्याला कळलं नाही. त्यांनी तीन दिवस मॅडमना छळलं आणि परत आल्यावर मला. मी शोधून सांगितलं तेव्हा कुठे त्यांची टूर संपली. दुसरं एक जोडपं तळ्याकाठच्या गावावर नाराज होतं. बाई म्हणाल्या, “देखणं हाय, न्हाय कोण म्हणतं? पण दोन तास फिरलो ताई, एका माणसानं पाव्हणं कुठलं म्हणून इचारलं न्हाय. पाणी न्हाय इचारलं. गाव हाय का दुकान?” तिथल्या लोकांनी घरांवर ‘शांतता राखा’ अशा पाट्या लावल्या आहेत, रोज हजारो माणसं येतात, हे मी समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या, “मग तर जास्तच इचाराय पायजे.”

आणि लासुर्ण्याच्या एक आजी. स्वित्झर्लंडमध्ये कुरणातली गाय दिसली म्हणून हात लावून नमस्कार करायला गेल्या. कुंपणाची तार विजेची होती. मॅडमच्या काळजाचं पाणी झालं, पण आजी तारेपासून हात काढून कपाळाला लावत शांतपणे म्हणाल्या, “जागृत हाय.” त्यांनी गावात जाऊन तसंच सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांच्या भावकीतले चौघे आले आणि ती गाय टूरमध्ये आहे ना, याची खात्री करून गेले.

हे झालं हसण्याचं. माझं रोजचं काम मात्र वेगळं आहे. युरोपचा व्हिसा मागताना, हा माणूस परत येईल हे पटवून द्यावं लागतं. मग सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर, कारखान्याचं सभासदपत्र, घरच्यांची माहिती आणि या सगळ्याला बांधणारं एक पत्र, जे मी लिहिते. एकदा वकिलातीतून उलट प्रश्न आला : तुम्ही प्रवासात असताना पिकाकडे कोण बघणार? अर्जदार समोरच बसले होते. म्हणाले, “भाऊ बघंल. बोलत न्हाय आमी. पण पाणी देतो.” मी इंग्रजीत ‘धाकटे बंधू’ एवढंच लिहिलं. व्हिसा मिळाला.

एक गोष्ट माझ्याबद्दल सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला इंग्रजीत बोलायची भीती वाटत नाही. जर्मनीतल्या हॉटेलवाल्याशी मी भांडूही शकते. भीती मराठीत वाटते. कारण मराठीत दुसऱ्या वाक्याला विचारतात, “आडनाव काय तुमचं?” आणि तिसऱ्याला, “गाव कोणतं?” ही दोन उत्तरं मिळाली की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक हिशेब होतो. बहुतेक वेळा तो वाईट नसतो. पण होतो. म्हणून मी फक्त नाव सांगते आणि राहायला जळोचीत, एवढं. बाबा बँकेत होते. आजोबा सुप्याच्या पलीकडच्या एका गावातले. धम्मदीक्षा घेतल्यावर काही वर्षांनी त्यांनी गाव सोडलं ते सोडलंच. मी लहानपणी विचारलं होतं, आपलं गाव कसं होतं? म्हणाले, “देखणं होतं. लांबून.”

आता तात्या. वय सत्तरीच्या पुढे, डाळजच्या बाजूला उजनीच्या पाण्याकाठी राहणारे. पत्नी वारलेल्या, मुलगा पुण्यात. मुलानेच टूरचं नाव नोंदवलं. पण तात्या आले ते आमचं माहितीपत्रक घडी करून खिशात घालून. त्यातल्या एका चित्राभोवती त्यांनी पेनाने चौकोन केला होता. निळंशार तळं, मागे बर्फाचे डोंगर आणि पाण्यातून सरळ वर आलेला चर्चचा दगडी मनोरा. चर्च नाही, गाव नाही, नुसता मनोरा.

ते चित्र मी निवडलं होतं, पान सुंदर दिसावं म्हणून. ऑस्ट्रियाची हद्द ओलांडली की लगेच, इटलीत, ग्राउन नावाचं गाव आहे, तिथलं. धरणासाठी जुनं गाव बुडवलं, मनोरा तेवढा राहिला. आमची टूर तिथे जात नव्हती. चित्राखाली मी गावाचं नाव लिहिलं होतं, टूरच्या कार्यक्रमात लिहिलं नव्हतं. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, कोणी जुळवून बघत नाही.

तात्यांनी जुळवून बघितलं. टेबलाशी उभं राहून विचारलं, “ताई, हे गाव हाय ना यात?”

मी स्क्रीनकडे बघत म्हणाले, “बघते.”

आठवड्याने कागदपत्रं द्यायला आले तेव्हा परत विचारलं. फोन वाजत होता, प्रिंटर अडकला होता. मी म्हणाले, “त्याच भागात आहे तात्या.”

भिडस्त माणसं खोटं बोलत नाहीत, असा एक समज आहे. आम्हीच जास्त बोलतो. समोरच्याचा चेहरा पडलेला बघावा लागू नये आणि बोलणं लवकर संपावं म्हणून बोलतो. ‘त्याच भागात’ म्हणजे आमच्या इन्सब्रुकच्या मुक्कामापासून एक रेल्वे आणि दोन बस, साडेतीन तास.

व्हिसाच्या अर्जावर सही करताना मला त्यांचं कारण कळलं. जन्मस्थळाच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. “हितं जुनं म्हणून लिवा. जुनं गाव.”

“पासपोर्टवर जे आहे तेच लिहावं लागतं.”

“नाव तेच हाय ओ. पण मी वर माळावर न्हाय जन्मलो. तितं तवा नुसत्या बाभळी हुत्या. मी खाली जन्मलो. पाण्यात हाय ते गाव.”

धरण झालं तेव्हा भीमेकाठची बरीच गावं पाण्याखाली गेली. माणसं वर आली आणि गावाचं नावही वर घेऊन आली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तात्यांच्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडतं. मग गावातली म्हातारी माणसं होडीने किंवा चिखलातून जातात, देवाला नैवेद्य दाखवतात, आपापल्या घराची जोती शोधतात आणि परत येतात. आजूबाजूला पुण्याचे लोक मोठमोठे कॅमेरे लावून रोहित पक्ष्यांचे फोटो काढत असतात.

“तुमच्या ह्या कागदावर बघितलं,” तात्या म्हणाले, “तवा वाटलं, ह्यांचं बी असंच झालंय. एकदा जाऊन बघावं. आता गुडघं हायत तवर.”

मी मान हलवली. सही घेतली. फाईल बंद केली.

तेव्हा मी सरळ सांगू शकत होते, किंवा मॅडमकडे विषय काढू शकत होते. मोकळ्या दिवशी टॅक्सीची सोय होण्यासारखी होती. मी काढला नाही. भिडेचं कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मला गावासाठी हळवी होणारी माणसं आवडत नाहीत. मला वाटलं, बुडालं तर बुडालं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, मॅडमनाही.

गट गेला. बाराव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी डबा उघडत होते, तेव्हा मॅडमचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेआठ.

“तात्या नाहीत.”

“कुठे गेले?”

“मला माहीत असतं तर तुला फोन केला असता का? नाश्त्याला नव्हते. खोलीत नाहीत. रिसेप्शनवाली म्हणते, साडेसहाला एक आजोबा तिला कागद दाखवून स्टेशन विचारत होते. माझा फोन कट करतायत. कसला कागद गं?”

मला कळलं कसला कागद. त्यावर गावाचं नाव मी देवनागरीत छापलं होतं, तिकडे ते कोणालाच वाचता येणार नव्हतं.

मी तात्यांना फोन लावला. एका रिंगेत उचलला.

“बोला ताई.”

“तात्या, कुठे आहात?”

“एका एस.टी. स्टँडावर. रेल्वेत एक पोरगा भेटला. त्याला फोटू दावला, त्यानं हितं उतरवलं आणि बोट दावून गेला. पण हितं चार गाड्या हुब्या हायत. कुठली, ते काय कळंना.”

“मॅडमचा फोन का घेत नाही?”

“बाई वरडंल. तुमी न्हाय वरडत.”

मी व्हिडिओ लावायला सांगितला. आधी त्यांची हनुवटी दिसली, मग कानटोपी, मग आभाळ. हळूहळू फोन फिरवून त्यांनी पाटी दाखवली. लांडेक. एवढ्या लांब ते एकटे, एका चित्राच्या जोरावर, बरोबर पोचले होते. मी दुसऱ्या हाताने वेळापत्रक उघडलं. इन्सब्रुकला परत जाणारी गाडी वीस मिनिटांनी होती. हद्दीकडे जाणारी बस सात मिनिटांनी.

दुसऱ्या फोनवर मॅडम होत्या. “सापडले? त्यांना हलू देऊ नकोस. परत गाडीत बसव. बस पाठवता येत नाही, ड्रायव्हरचा आज सक्तीचा विश्रांतीचा दिवस आहे, तिकडचा कायदा तुला माहीत आहे.”

मला माहीत होता. टूरमधून एखादा माणूस हरवला तर आमचा पुढचा प्रत्येक व्हिसा अडचणीत येऊ शकतो, हेही माहीत होतं. पुढच्या टूरला सहायक म्हणून मी जाणार असं मॅडमनी नुकतंच ठरवलं होतं, माझी पहिली टूर. तेही मला त्या सात मिनिटांत पुरेपूर आठवलं.

मॅडमना मी लिहिलं : सापडले. सुरक्षित आहेत. संध्याकाळपर्यंत हॉटेलवर पोचतील. आणि तो फोन पालथा ठेवला.

“तात्या, उजवीकडून दुसरी बस. त्यात बसा. आणि फोन ड्रायव्हरला द्या.”

ड्रायव्हरशी मी इंग्रजीत बोलले. त्याला थोडं येत होतं. हे गृहस्थ भारतातून आले आहेत, त्यांना शेवटच्या थांब्यावर उतरवा आणि ग्राउनला जाणाऱ्या बसपाशी नेऊन सोडा, अशी विनंती केली. तो म्हणाला, त्या मनोऱ्याकडे? मी म्हणाले, हो. तो म्हणाला, तिथे सगळे फोटोसाठीच जातात. मी म्हणाले, हे नाही.

डबा तसाच राहिला. दीड तास मी नकाशावरची निळी रेघ बघत बसले. खालून दुकानात पोती उतरवण्याचा आवाज येत होता. हद्दीवर त्यांना कोणी अडवलं नाही, ऑस्ट्रिया आणि इटलीला व्हिसा एकच चालतो. पण मला उगाच वाटत होतं की कोणीतरी जन्मस्थळ विचारेल आणि तात्या वाद घालत बसतील.

दोनच्या पुढे त्यांचा व्हिडिओ आला. फोन समोर धरला होता. तळं माझ्या माहितीपत्रकात होतं त्याहून कमी निळं होतं. वारा होता, पाणी खवळलेलं दिसत होतं. काठावर माणसं पाठ फिरवून मनोऱ्यासह स्वतःचे फोटो काढत होती. चित्र जरा हललं, खाली गेलं आणि मला त्यांचे पाय दिसले. त्यांनी बूट-मोजे काढले होते.

मग म्हणाले, “माणसं कुठं गेली ह्यांची?”

“तिथेच वर नवीन गाव आहे तात्या. तुमच्या मागे.”

“तसं न्हाय. ह्या गावातलं कोण हाय का, ते इचारायचंय. हे फोटूवाले परके दिसत्यात.”

बसथांब्याजवळ एक छोटं उपाहारगृह होतं. मी त्यांना आत जाऊन फोन काउंटरवरच्या मुलीला द्यायला सांगितलं. मुलगी वीस-बावीसची, इंग्रजी चांगलं. मी सांगितलं की या आजोबांचं गावही धरणात गेलं आहे आणि त्यांना जुन्या गावातल्या कोणाशी तरी बोलायचं आहे. मग आतल्या बाजूला तिने हाक मारली. तिची आजी आली, मार्था. निळा एप्रन, हात पिठाचे.

पुढचा पाऊण तास मी बारामतीत बसून तिघांच्या मध्ये होते. तात्या मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत, ती मुलगी जर्मनमध्ये, कारण इटलीत असूनही तिकडे जर्मनच बोलतात, आणि उत्तर त्याच वाटेने परत. माझ्या सात वर्षांच्या नोकरीत मी इतकं सलग कधी बोलले नव्हते.

“ह्यांचं घर कुठं हुतं, इचारा.”

मार्थाबाईंनी खिडकीतून पाण्याकडे बोट केलं. मनोऱ्याच्या डावीकडे, तिसरं.

“आमचं देवळाच्या उजव्या अंगाला, पाचवं,” तात्या म्हणाले आणि त्यांनीही त्याच पाण्याकडे बोट केलं. “पाणी येणार ते सांगितलं हुतं का?”

नोटीस लावली होती, उत्तर आलं, पण इटालियनमध्ये, आम्हाला येत नव्हती त्या भाषेत.

तात्या हसले. “आमची मराठीत हुती. तरी कळली न्हाय.”

हे जर्मनपर्यंत पोचायला वेळ लागला. पोचल्यावर मार्थाबाई इतक्या हसल्या की एप्रनने डोळे पुसायला लागल्या. त्यांची घरं आधी सुरुंग लावून पाडली होती. तात्यांनी सांगितलं, आमी सोताच मोडली, दारं-खांब-उंबरे काढून बैलगाडीत घालून वर आणलं. उन्हाळ्यात पाणी उतरतं का, तुम्ही जाता का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मार्थाबाई म्हणाल्या, आमच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठतं. बर्फावरून चालत मनोऱ्यापर्यंत जाता येतं. तात्यांना हे फार आवडलं. म्हणाले, “म्हंजी गावाच्या डोस्क्यावर हुबं राहायचं. आमी निदान पायाशी तरी जातो.”

मध्येच मार्थाबाई फोनकडे वाकल्या आणि नातीला काहीतरी म्हणाल्या. मुलीने मला विचारलं, “आजी विचारतेय, तुझंही घर पाण्यात गेलं का?”

प्रश्न मला होता, हे कळायला मला थोडा वेळ लागला. नाही, म्हटलं असतं तर संपलं असतं. पण इंग्रजी होतं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही. आमचं गाव कोरडं आहे. अजून तिथेच आहे. आम्हीच जात नाही.”

मुलीने भाषांतर केलं. मार्थाबाईंनी एकच शब्द विचारला. त्याला भाषांतराची गरज नव्हती.

“काय चाललंय?” तात्या म्हणाले. “मला बी सांगा की.”

मी काहीही सांगू शकले असते. मला सवय आहे. पण पाऊण तास प्रत्येकाचं बोलणं जसंच्या तसं पोचवल्यावर आपलंच तेवढं बदलून सांगणं मला जमलं नाही. मी त्यांना दोघींचं बोलणं सांगितलं, आजोबांचं गाव सांगितलं, आणि त्यांनी न विचारता आडनावही.

“सुप्याच्या पलीकडं,” ते म्हणाले.

“हो.”

“हं.”

त्यांनी फोन टेबलावर ठेवला असावा. मला उपाहारगृहाचं लाकडी छत दिसत होतं, कपबशीचा आवाज येत होता. मला वाटलं, झालं, तो हिशेब तिकडेही जाऊन पोचला. मग छतावरून आवाज आला, “बस कितीला हाय म्हणलीस पोरी?”

मार्थाबाईंनी त्यांच्या हातावर कागदात बांधलेला पाव ठेवला, एक पत्ता लिहून दिला आणि थांब्यापर्यंत सोडायला स्वतः गेल्या. तिकडच्या साडेपाचच्या आत तात्या हॉटेलात होते.

मॅडम परत आल्यावर माझ्यावर ओरडल्या नाहीत. टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, “तो माणूस पडला असता, चुकला असता तर?” आणि पुढे, “आणि मला आधी का नाही सांगितलंस? टॅक्सी केली असती. तीन माणसं अजून गेली असती त्यांच्याबरोबर.” पुढच्या टूरला त्यांनी दुसऱ्या मुलीला नेलं. मला ते लागलं, पण अन्याय वाटला नाही. गट निघाला त्या दिवशी मी सगळ्यांच्या फायली तपासून गाडीत दिल्या आणि वर येऊन उगाचच सगळी कपाटं आवरली.

गेल्या दिवाळीच्या आधी तात्या ऑफिसला आले. मार्थाबाईंना पत्र लिहायचं होतं. मेसेज पाठवू का म्हटलं तर म्हणाले, “कागदावर. तिच्या हातात राहील असं.”

ते सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेले. त्यांना गाव जसंच्या तसं लिहून हवं होतं. घाट, देऊळ, देवळासमोरचा पार, चावडी, उजवीकडची घरं एकेक करून, कोणाचं कोणतं. पाटलांचं, गुरवाचं, कुंभाराचं. सगळ्यांची नावं पाठ. कोणी वर येऊन किती एकर घेतली, तेही.

“आणि खाली, नदीच्या अंगाला,” ते म्हणाले. जुना शब्द तोंडातून निघाला, थांबले, मग म्हणाले, “बौद्धवाडी हुती.”

मी पेन थांबवलं नाही.

“पाणी तितं आधी आलं,” तात्या म्हणाले. “आमच्या आधी चार-पाच दिस. ती घरं खालची ना. आमी तवा उंबरे काढत हुतो, आमचं आमच्यापाशी. त्यास्नी शेत नव्हतं, मग जमिनीला जमीन कुठली मिळणार. कुठं गेली ती माणसं, मला ठाव न्हाय. आमी वर गाव वसवलं, देऊळ बांधलं, कुणी इचारलं न्हाय. मी बी न्हाय.”

खाली दुकानात कोणीतरी फवारणीच्या पंपाची चौकशी करत होतं. तात्या माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते.

“हे पण लिवायचं का?” मी विचारलं. त्यांचीच भाषा तोंडात आली.

“लिव. न्हायतर ते गाव कशाचं.”

मी लिहिलं. मग विचारलं, “नावं आहेत का?”

त्यांना तीन आठवली. कोंडिबा, त्याचा भाऊ सखाराम आणि सुईणीचं काम करणारी भागूबाई. तात्यांच्या जन्माला तीच होती. तीन नावं सांगायला त्यांना बाकी गावापेक्षा जास्त वेळ लागला. पत्र मी पाकिटात घालायला लागले तर म्हणाले, “थांब. अर्धंच हाय.”

तेव्हापासून ते शोधतायत. कुरकुंभला कोंडिबाचा नातू सापडला, कारखान्यात फिटर आहे. तो आधी बोलायला तयार नव्हता, मग त्याने दोन घरं सांगितली. टेंभुर्णीत एकजण भेटला, त्याने तात्यांना दारातच उभं ठेवलं. तेही तात्यांनी मला सांगितलं आणि म्हणाले, “बरुबर हाय त्याचं.” एकेक नाव मिळालं की फोन करतात, मी ते पत्रात घालते. आत्तापर्यंत नऊ घरं झाली आहेत. मूळ दोन पानांची सहा पानं झाली.

परवा मी म्हटलं, तात्या, आता टाकू का पोस्टात? मार्थाबाईंचं वय झालंय.

“माझं बी झालंय की,” ते म्हणाले. “पर थांब. त्या खालच्या आळीला कडंला एक म्हातारी हुती. एकलीच राहायची. तिचं नाव कुणालाच आठवंना. उद्या भिगवणला जातो आणि इचारतो.”